तीच पाच गाणी रोज का वाजतात, आणि त्यात ग्रंज बँडचा दोष किती?

नमस्कार. ज्या कामाबद्दल तुमची तक्रार आहे ते काम मी चौदा वर्षं केलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. सवडीनं वाचा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. सिअ‍ॅटलजवळच्या एव्हरेटहून बेलव्ह्यूला रोज पन्नास मिनिटं गाडी चालवता, संध्याकाळी तितकीच परत. गाडीत रॉक स्टेशन लावलेलं असतं. निर्वाणाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’, पर्ल जॅमचं ‘अलाइव्ह’, साउंडगार्डनचं ‘ब्लॅक होल सन’, अ‍ॅलिस इन चेन्सचं ‘मॅन इन द बॉक्स’ आणि स्टोन टेम्पल पायलट्सचं ‘प्लश’ ही पाच गाणी सात महिन्यांत इतक्यांदा कानावर पडली की आता पहिल्या दोन सुरांतच हात बटणाकडे जातो. म्हणून तुम्ही विचारताय की ग्रंज, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलहून पसरलेलं रॉक, एवढंच होतं का, हे बँड उगाच डोक्यावर चढवलेत का, आणि स्टेशनवाल्यांना दुसरी गाणी मिळत नाहीत का. पैसे घेऊन वाजवतात का, असंही शेवटी विचारलंय.

मला यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. एक म्हणजे स्टेशन असं का वागतं. याचं उत्तर सरळ आहे आणि ते मला नक्की माहीत आहे. दुसरी जास्त महत्त्वाची: तुम्हाला हे संगीतच आवडत नाही, की ते ज्या रीतीनं ऐकवलं गेलं ती रीत आवडत नाही? हे तुमचं तुम्हाला आज सांगता येणार नाही, कारण हे बँड तुम्ही अजून ऐकलेलेच नाहीत. थोडं धाडसाचं विधान आहे, पण पुढे कारण देते.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी मूळची सांगलीची. ऑगस्ट १९९१ मध्ये शिकायला अमेरिकेत आले, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात. पहिल्याच सत्रात विद्यापीठाच्या रेडिओवर शनिवारी पहाटे दोन ते पाचची पाळी मिळाली, कारण ती कुणालाच नको होती. त्याच सप्टेंबरच्या २४ तारखेला निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला. जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून बिलबोर्ड साप्ताहिकाच्या अल्बम-यादीत पहिला क्रमांक घेतला, तेव्हा आमच्या त्या कोंदट खोलीतली मुलं एकमेकांकडे बघत राहिली होती. पुढे पदवी बाजूला ठेवून मी व्यावसायिक रॉक स्टेशनवर गेले, आधी अर्धवेळ आणि २००१ पासून २०१५ पर्यंत म्युझिक डायरेक्टर म्हणून. दिवसभरात कुठलं गाणं किती वाजून किती मिनिटांनी लागणार याची यादी, जिला आम्ही लॉग म्हणतो, ती रोज दुपारी माझ्या टेबलावर तयार व्हायची.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचं स्टेशन नेमकं कुठल्या प्रकारचं आहे, क्लासिक रॉक, अ‍ॅक्टिव्ह रॉक की अल्टरनेटिव्ह, त्यावर नव्या-जुन्या गाण्यांचं प्रमाण ठरतं. मालक एकच स्टेशन चालवतो की शेकडो, यानंही फरक पडतो. आणि तुम्ही रोज ठरलेल्या वेळीच ऐकता, हा तर सगळ्यात मोठा मुद्दा. त्याचा एक किस्सा सांगते, त्यातून यंत्रणा कळेल.

आमच्या तासाच्या आखणीला ‘क्लॉक’ म्हणतात. तासाला साधारण बारा गाणी. त्यातल्या तीन जागा ‘पॉवर गोल्ड’ या गटासाठी राखलेल्या, म्हणजे जुनी, सगळ्यांना पाठ असलेली, कुणी सहसा बंद न करणारी गाणी. मी काम हाती घेतल्यावर दुसऱ्या वर्षी या गटात ७२ गाणी ठेवली होती. सॉफ्टवेअर रांगेतलं पुढचं गाणं उचलून जागेत बसवतं. एके दिवशी रिक्वेस्ट लाइनवर एका नर्सबाईंचा फोन आला. रात्रपाळी संपवून घरी जाताना रोज त्याच सिग्नलला, सव्वाआठच्या आसपास, तेच गाणं लागतं असं त्या म्हणाल्या. रागावलेल्या नव्हत्या. त्यांना वाटलं होतं की आम्ही मुद्दाम काही कार्यक्रम करतोय. मी फोन ठेवला आणि कागदावर भागाकार केला. ७२ भागिले ३, उत्तर २४. म्हणजे रांग बरोबर चोवीस तासांनी पुन्हा पहिल्या गाण्यावर येत होती आणि प्रत्येक गाणं आपापल्या तासाला खिळून बसलं होतं. त्याच दुपारी गटात पाच गाणी वाढवली. ७७ गाण्यांची रांग पावणेसव्वीस तासांच्या आत पुरी होते, त्यामुळे प्रत्येक गाणं रोज साधारण पावणेदोन तास पुढे सरकू लागलं. त्यानंतर त्या बाईंचा फोन आला नाही.

तेव्हा तुम्हाला रोज ‘ब्लॅक होल सन’च का भेटतं, याचं उत्तर कदाचित इतकंच असेल: कुणीतरी भागाकार केलेला नाही. आज सॉफ्टवेअरमध्ये ‘काल याच तासात लागलं होतं का’ हे तपासायचे नियम असतात, पण गट अगदीच लहान ठेवला की नियम आपोआप मोडतात, कारण उचलायला दुसरं गाणंच उरत नाही.

मग गट लहान का ठेवतात? इथे ऐकणारे मोजायची पद्धत येते. पूर्वी निवडक श्रोत्यांना वहीत लिहायला सांगत. २००७ पासून मोठ्या शहरांत पेजरएवढं यंत्र आलं, ते अंगावर बाळगायचं. आवाजात दडवलेला, कानाला न कळणारा संकेत ते टिपतं. मी होते तेव्हा हिशोब पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांचा होता. एका तुकड्यात निदान पाच मिनिटं ऐकलंत की पूर्ण पंधरा मिनिटं स्टेशनच्या खात्यात. बहुतेक माणसं एका वेळी दहा-बारा मिनिटंच ऐकतात असं धरून आम्ही आखणी करायचो. जाहिराती संपल्या की लगेच पॉवर गोल्ड, म्हणजे परत आलेला माणूस टिकेल. तुम्ही सलग पन्नास मिनिटं ऐकता, तेही दिवसातून दोनदा. तुमच्यासारखा निष्ठावान श्रोता त्या हिशोबात बसतच नाही. जो सर्वांत जास्त ऐकतो त्यालाच सर्वांत जास्त पुनरावृत्ती सोसावी लागते, आणि हे मला आत असतानाही लागत असे.

दुसरं कारण चाचण्यांचं. वर्षातून एकदा-दोनदा हॉटेलचा हॉल घेऊन शंभरेक माणसं बसवतात. शहरातली, ठरावीक वयाची, रॉक ऐकणारी. त्यांना गाण्यांचे तुकडे ऐकवतात, प्रत्येकी सात-आठ सेकंदांचे. याला ‘हुक’ म्हणतात: गाण्यातला सगळ्यात ओळखीचा भाग, बहुधा धृपद. संध्याकाळभरात असे सहाशेच्या घरात तुकडे. समोरच्या कागदावर प्रत्येकापुढे आकडा लिहायचा: माहीत नाही, आवडत नाही, ठीक, आवडतं, फार आवडतं. आणि एक वेगळा रकाना, ऐकून कंटाळा आलाय का. आम्ही त्याला ‘बर्न’ म्हणायचो. शेवटी माणसांना रोख पैशांचं पाकीट. अशा कितीतरी हॉलमध्ये मी भिंतीशी खुर्ची टाकून बसले आहे. चारशेव्या तुकड्यानंतर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पेन्सिल चालू असते, पण कान कधीच मिटलेले असतात. तेव्हा जे गाणं आधीपासून हाडीमासी खिळलंय त्यालाच चांगला आकडा मिळतो.

आता विचार करा, सात सेकंदांत काय कळतं? जे गाणं तीन मिनिटं हळूहळू वर चढतं, ज्याला धृपदच नाही, जे मुद्दाम कानाला टोचतं, ते या हॉलमध्ये नापास होणार. ‘माहीत नाही’चा आकडा थोडा जरी वर गेला तरी गाणं यादीबाहेर. यादीबाहेर गेलं की कुणाच्या कानावर पडत नाही, आणि पुढच्या चाचणीत आणखी कमी लोकांना माहीत असतं. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू द्यायचं नाही, असला प्रकार. आमच्या धंद्यात एक वाक्य नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतं: जे वाजवलं नाही त्यानं कधी नुकसान होत नाही. मला ते तेव्हाही पटलं नाही. नुकसान होतं, फक्त ते तिमाही आकड्यांत दिसत नाही. तुमच्यासारख्या माणसाचा हात बटणाकडे जायला लागतो, तेच ते नुकसान.

मालकीचा मुद्दाही आहे. फेब्रुवारी १९९६ चा दूरसंचार कायदा येईपर्यंत अमेरिकेत एका कंपनीला देशभरात जास्तीत जास्त ४० रेडिओ स्टेशनं ठेवता येत. त्या कायद्यानं ही देशपातळीवरची मर्यादा काढून टाकली. काही वर्षांत क्लिअर चॅनल ही एकच कंपनी बाराशेच्या आसपास स्टेशनांवर पोहोचली. विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज फेडायचं म्हटल्यावर माणसं कमी झाली, एकेका म्युझिक डायरेक्टरकडे तीन-तीन, चार-चार शहरांचे लॉग आले. माझ्याकडेही शेवटी तीन स्टेशनं होती, त्यातल्या एका शहरात मी कधी पाऊलही टाकलेलं नाही. अशा वेळी माणूस चाचणीची यादी जशीच्या तशी उचलतो, कारण विचार करायला दुपारच उरलेली नसते.

पैसे घेऊन वाजवण्याबद्दल: तीस वर्षांपूर्वीच्या गाण्यासाठी कुणी पैसे मोजत नाही. नव्या गाण्यांबाबत तसे प्रकार झाले. २००५ मध्ये सोनी बीएमजीनं न्यू यॉर्कच्या महाधिवक्त्यांशी एक कोटी डॉलर भरून तडजोड केली, ती याच कारणासाठी. पण तुमच्या पाच गाण्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

इथवरचं थोडक्यात: छोटा गट, त्यातल्या जागा ठरलेल्या, निवड सात सेकंदांच्या चाचणीवर, आणि मोजमाप अशा माणसाचं जो दहा मिनिटांत गाडीतून उतरतो. यात बँडचा काही हात नाही.

आता बँडकडे येते. इथून पुढे माझी मतं आहेत, ती मतं म्हणूनच वाचा.

रेडिओनं ग्रंजची जी सर्वांत मोठी हानी केली ती मला निवडीपेक्षा आवाजात दिसते. फार कमी लोक याबद्दल बोलतात. प्रत्येक एफएम स्टेशनच्या वाटेत, स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये, एक पेटी असते. बहुतेक ठिकाणी ऑर्बन कंपनीची ऑप्टिमॉड किंवा तिच्यासारखी दुसरी. तिचं काम हळू आवाज उचलणं आणि मोठा आवाज दाबणं. गाडीच्या इंजिनाच्या घरघरीतही गाणं एकसारखं ऐकू यावं म्हणून. पॉप गाण्याचं यात फार बिघडत नाही. पण ‘टीन स्पिरिट’ काय आहे? सुरुवातीची जोरदार गिटार झाली की सगळं खाली बसतं, नुसता बास, ड्रम आणि गिटारचे दोन सुटे सूर, गायक कर्ट कोबेन जवळजवळ पुटपुटतोय. आणि मग धृपद अंगावर येतं. हळू आणि मोठा यांतलं अंतर हाच त्या गाण्याचा प्राण. कोबेननं स्वतः कबूल केलं होतं की ही युक्ती पिक्सीज या बँडकडून उचलली. रेडिओच्या पेटीतून गेल्यावर कडवं धृपदाइतकंच मोठं होतं. अंतर संपतं.

हे मी एकदा प्रत्यक्ष ताडून पाहिलं. आमच्या इंजिनीअरनं एका स्पीकरवर सीडी लावली आणि दुसऱ्यावर पेटीतून बाहेर पडलेला आवाज, दोन्हींच्या आवाज मोजणाऱ्या सुया समोर. सीडीची सुई कडव्यात खाली पडायची, धृपदात उसळायची. दुसरी सुई उजव्या टोकाला जी चिकटली ती गाणं संपेपर्यंत जेमतेम हलली. मी ते गाणं तोवर शेकडो वेळा लॉगमध्ये टाकलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन हेडफोन लावून ऐकलं तेव्हा कडव्यातला तो श्वास पुन्हा सापडला.

म्हणून वर म्हटलं की तुम्ही हे बँड अजून ऐकलेले नाहीत. अतिपरिचयानं अवज्ञा होते म्हणतात. तुमचा अतिपरिचय झालाय तो प्रत्येक बँडच्या एकाच गाण्याशी, तेही सपाट केलेल्या. त्यापायी बँड टाकून दिलात तर सुक्याबरोबर ओलंही जळेल.

आणि ग्रंज या शब्दानं जे चार बँड एकत्र बांधले जातात त्यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही. निर्वाणा पंकमधून आलेला. पर्ल जॅमला सत्तरीतल्या मोठ्या मैदानांवरच्या रॉकची ओढ. अ‍ॅलिस इन चेन्स मेटलच्या घरातला. साउंडगार्डनच्या पायाशी ब्लॅक सॅबथ हा जुना मेटल बँड, पण डोकं भलतीकडेच. सिअ‍ॅटलचाच परिसर, तेच क्लब, निर्वाणा आणि साउंडगार्डनची सुरुवातीची छोटी रेकॉर्ड कंपनी सब पॉप, काही माणसं या बँडमधून त्या बँडमध्ये गेलेली, एवढं समान. ग्रीन रिव्हर नावाचा बँड फुटला, त्यातले मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नर मडहनीत गेले, जेफ अमेंट आणि स्टोन गॉसर्ड आधी मदर लव्ह बोनमध्ये आणि मग पर्ल जॅममध्ये. मधला वेग, मोठं धृपद, चार-पाच मिनिटं या मापात बसणारं एकेक गाणं प्रत्येकाकडून उचललं गेलं, म्हणून ते तुम्हाला एकाच घरातले वाटतात.

माझ्या लेखी या चौघांत सर्वांत मोठा बँड साउंडगार्डन. क्रिस कॉर्नेलचा गळा तर होताच, पण मी सांगते ते तालासाठी. सांगलीत लहानपणी तबला शिकले, विशारदपर्यंत काही गेले नाही, पण मात्रा मोजायची सवय लागली ती सुटली नाही. १९९१ च्या ‘बॅडमोटरफिंगर’मधलं ‘आउटशाइन्ड’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मांडीवर चारचा ठेका धरला आणि हात चुकला. पुन्हा चुकला. मग सात मोजून पाहिले आणि बरोबर समेवर आले. खंड रूपकासारखे पडत नाहीत, पण सात मात्रांनी परत येणं तेच. धृपदात मात्र तोच बँड सरळ चारमध्ये येतो, आणि तो बदल इतका सहज की तबला न शिकलेला माणूस त्यावर बिनधास्त डोकं हलवतो. ‘स्पूनमॅन’चा मुख्य तुकडाही सातचा, आणि त्यात सिअ‍ॅटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणाऱ्या कलावंतानंच चमचे वाजवलेत. ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहाचा आहे. ही शेवटची दोन्ही १९९४ च्या ‘सुपरअननोन’ अल्बममध्ये आहेत, आणि रेडिओनं त्यातून उचललं तुमचं ‘ब्लॅक होल सन’. वाईट गाणं नाही ते. पण भरल्या ताटातली कोशिंबीर खाऊन जेवणाबद्दल मत देऊ नका.

निर्वाणाचा उत्तम अल्बम मला ‘इन युटेरो’ वाटतो, १९९३ चा, स्टीव्ह अल्बिनीनं ध्वनिमुद्रित केलेला. त्यात ड्रम खोलीत वाजताहेत असं ऐकू येतं, भिंतींसकट. ‘नेव्हरमाइंड’चं मिश्रण त्यापुढे गुळगुळीत लागतं. पण ‘नेव्हरमाइंड’मध्येही शेवटचं ‘समथिंग इन द वे’ ऐका. कोबेननं ते कंट्रोल रूममधल्या कोचावर आडवं पडून गायलंय, इतकं हळू. त्या पेटीतून ते गेलं तर श्वासाची फरफरच पहिली ऐकू येईल.

पर्ल जॅमबद्दल माझं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. ‘टेन’मधली गाणी मजबूत आहेत, पण १९९१ च्या मूळ मिश्रणात सगळं गुहेत घुमल्यासारखं वाटतं. २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायननं तोच अल्बम नव्यानं मिसळला, गिटारी पुढे आल्या, घुमणं गेलं. ‘अलाइव्ह’चा वीट आला असेल तर तोच नवा अवतार एकदा लावा. गाणं तेच आहे, तरी तुम्हाला ते ओळखायला क्षणभर लागेल.

‘प्लश’वाल्या स्टोन टेम्पल पायलट्सना त्या काळी नकलाकार म्हणून फार हिणवलं गेलं, आम्हीही विद्यापीठात हिणवलं. ते सॅन डिएगोचे, सिअ‍ॅटलशी नातं नाही. आता मला वाटतं आमचा अन्याय झाला. १९९४ चा ‘पर्पल’ ऐकताना बासवादक आणि गिटारवादक या दोन भावांना सुरावट किती कळत होती ते जाणवतं.

आणि ज्यांचं नाव तुमच्या यादीत नाही, कारण ते तुमच्या कानावर येऊच दिलं नाही, त्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय. मडहनी, ज्यांच्या १९८८ च्या पहिल्या सिंगलमध्ये या आवाजाचा कच्चा माल आहे. कॅस्केड डोंगरांच्या पलीकडच्या एलेन्सबर्गचे स्क्रीमिंग ट्रीज, मार्क लॅनेगनचा तो जळक्या लाकडासारखा आवाज. आणि बायका. लॉस एंजेलिसच्या एल-सेव्हनचा १९९२ चा ‘ब्रिक्स आर हेवी’ बुच व्हिगनं केला, ‘नेव्हरमाइंड’ करणाऱ्या त्याच निर्मात्यानं. सिअ‍ॅटलच्या सेव्हन इयर बिचनं मिआ झपाटा या खून झालेल्या मैत्रिणीसाठी १९९४ मध्ये अख्खा अल्बम केला. होलचा ‘लिव्ह थ्रू धिस’ त्याच वर्षीचा. मला हाती मिळालेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याला गायकाचा कोड होता, आणि एक नियम आधीच लिहिलेला: बाईचा आवाज एकदा लागला की पाऊण तास दुसऱ्या बाईचा लागणार नाही. पुरुषांच्या आवाजाला असा नियम नव्हता. कुणी लिहिला, केव्हा, कुणाला आठवत नव्हतं. ‘सगळीकडे असंच असतं’ एवढंच उत्तर, आणि ते खरं होतं, अमेरिकेतल्या किती स्टेशनांवर हा नियम चालायचा. मी तो पुसला. त्यावर एकही फोन आला नाही, एकाही श्रोत्यानं कुरकुर केली नाही. पण तोवर दहा वर्षं निघून गेली होती, आणि चाचणीच्या हॉलमध्ये एल-सेव्हनच्या तुकड्यापुढे लोक ‘माहीत नाही’ लिहीत होते.

एक आठवण मधेच. आमच्या घरी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं तेव्हाही तीच गाणी पुन्हा पुन्हा येत, आणि आई त्या वेळी पोळ्या लाटत असायची. त्याचा कंटाळा आल्याचं मला आठवत नाही. ती गाणी कुणीतरी कार्ड लिहून मागितलेली असत, आधी गावाचं आणि माणसाचं नाव वाचलं जाई. आमच्या स्टेशनवर रिक्वेस्ट लाइन होती, पण मागितलेलं गाणं लॉगमध्ये आधीच असेल तरच ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून लावायचं अशी रीत. नसेल तर ‘बघतो’ म्हणायचं. हे ‘बघतो’ मीही अनेकांना म्हटलंय, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुम्ही काय करावं. पन्नास मिनिटं हे अल्बमचंच माप आहे, त्याचा फायदा घ्या. निर्वाणाचा ‘अनप्लग्ड’, नोव्हेंबर १९९३ मध्ये न्यू यॉर्कला मुद्रित झालेला, साधारण त्रेपन्न मिनिटांचा, तुमच्या पार्किंगसकट बसतो. त्यात ‘टीन स्पिरिट’ नाहीच. ‘सुपरअननोन’ सत्तर मिनिटांचा आहे, तो जाता-येता विभागून ऐका. ज्या पाच गाण्यांचा वीट आलाय ती दोन-तीन महिने पूर्ण बंद ठेवा, अल्बममध्ये आली तरी पुढे ढकला. कान विसरतो, पण त्याला सलग सुट्टी द्यावी लागते, आठवड्यातून एकदा ऐकत राहिलात तर उपयोग होत नाही. आणि सुरुवातीचे काही दिवस गाडीत नको, घरी हेडफोनवर. गाडीत हळू भाग इंजिनखाली जातो आणि तुम्ही आवाज वाढवता, मग धृपद कानठळ्या बसवतं.

रेडिओच हवा असेल, आणि मला तो हवासा वाटणं पूर्ण समजतं, तर तुमच्या भागात ९०.३ वर केईएक्सपी आहे. श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारं, निवेदक स्वतः गाणी निवडतात. २००१ पर्यंत त्याचं नाव केसीएमयू होतं, वॉशिंग्टन विद्यापीठाचं. सब पॉप काढणारे ब्रूस पॅव्हिट आणि जॉनथन पोनमन, साउंडगार्डनचा गिटारवादक किम थायिल, हे सगळे तिथे माइकसमोर बसलेले आहेत. तिथे ग्रंजच ऐकायला मिळेल असं नाही, तासाभरात कुठल्या कुठे नेतात. सिग्नल तुमच्या रस्त्यावर सगळीकडे सारखा मिळेल की नाही ते गाडीतच कळेल, नाहीतर फोनवर लावा.

तुमच्या सध्याच्या स्टेशनला लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण ‘तुम्ही तीच गाणी लावता’ असं लिहू नका. ते पत्र आम्ही वाचून बाजूला ठेवायचो. आठवडाभर वेळ टिपा: सोमवारी ७.४०, मंगळवारी ७.४२, गाणं हे. नाव म्युझिक डायरेक्टरचं, विषयात ‘रोटेशन’ हा शब्द, म्हणजे गाणी फिरून येण्याचा क्रम. सोबत एकच गाणं सुचवा, त्याच बँडचं, पाच मिनिटांच्या आतलं. ‘ब्लॅक होल सन’ऐवजी ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ लावून पाहाल का, एवढंच. त्या माणसाला बदल करायचाच असतो. त्याला वरिष्ठांपुढे ठेवायला एक कागद हवा असतो. मला अशी पत्रं वर्षाला तीन-चार यायची, आणि त्यातल्या काहींनी खरोखर गाणी आत आणली.

सोमवारी सुरुवात मात्र अ‍ॅलिस इन चेन्सच्या ‘जार ऑफ फ्लाइज’नं करा. सात गाणी, जेमतेम अर्धा तास, आठवडाभरात लिहून मुद्रित केलेली, जानेवारी १९९४ मध्ये आली. ‘मॅन इन द बॉक्स’मधला जो करडा आवाज तुम्हाला नकोसा झालाय, तो लेन स्टेलीचाच आवाज दुसऱ्या क्रमांकाच्या ‘नटशेल’मध्ये साध्या गिटारीबरोबर ऐका. बोथेलच्या आसपास वाहतूक तुंबते तिथवर तिसरं-चौथं गाणं आलेलं असेल. कसं वाटलं ते इथेच खाली लिहा, मी वाचणार आहे.